मिस हंसलतेला न्याय

गुणांची कदर न करणारी राष्ट्रं धुळीला मिळतात. ग्रीस गेलं, रोम गेलं, आणि आता मुंबईची पाळी आहे. हे उद्गार मी सन एकोणीसशे शेहेचाळीसच्या हिवाळ्यात, कारंजा लाडच्या पोस्टात, खिडकीच्या आतल्या बाजूला उभं राहून काढले. दुर्दैवानं त्या क्षणी माझ्या जिभेला अर्ध्या आण्याचं तिकीट चिकटलेलं होतं, त्यामुळे बाहेरच्या रांगेला त्यातलं काहीच कळलं नाही. तिकीट काढून मी तेच पुन्हा म्हटलं, पण असली वाक्यं दुसऱ्या खेपेला तितक्या ताकदीनं निघत नाहीत. रांगेतल्या एकानं मला पाणी देऊ केलं.

घडलं होतं ते असं. मुंबईच्या एका सिनेमाच्या साप्ताहिकानं त्या वर्षीच्या उत्कृष्ट कलावंतांना बक्षिसं जाहीर केली होती. उत्कृष्ट नटी : मिस कुमुदिनी. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझी मिस हंसलता कुठेच नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. शेवटच्या परिच्छेदात ‘यांचाही प्रयत्न बरा होता’ म्हणून काही नावं दिली होती, त्यात ती एका दाढ्यामिशा चिकटवणाऱ्या कारागिराच्या शेजारी उभी होती.

ज्यांनी ‘मोहनमाळेचा शाप’ पाहिला नाही त्यांना माझं दुःख समजणार नाही. त्यात सासरा मोहनमाळ मागतो तेव्हा हंसलता रडत नाही. नुसती खांबाला टेकते. मग डाव्या डोळ्यातून एक थेंब निघतो, गालावर क्षणभर थांबतो, जणू काही पुढे जाऊ की नको असं तिलाच विचारतो, आणि मग ओघळतो. बाबूसिंगच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत त्या थेंबाच्या वेळी विडीसुद्धा कोणी ओढत नसे. मी तो थेंब किती वेळा पाहिला ते सांगत नाही. आमच्या घरातल्या मतानुसार, नको तितक्या वेळा.

तेवढ्यात ते साप्ताहिक ज्यांच्या नावावर येत असे ते हुकूमचंद शेठ खिडकीशी आले. कापडाचे व्यापारी, आमचे शेजारी, स्वभावानं सज्जन, आणि कुमुदिनीचे भक्त. त्यांच्या दुकानात गादीच्या वर कुमुदिनीचं चित्र टांगलेलं असे. माझ्या खिडकीच्या आत हंसलतेचं होतं. बादशहाच्या तसबिरीच्या बरोबरीनं नव्हे, जरा खाली, आणि इन्स्पेक्टर येणार असले की कपाटात.

“मास्तर,” अंक हातात घेऊन शेठ म्हणाले, “घडी मोडलेली दिसते.”

“टपाल तपासणं माझं काम आहे.”

“मग आमची बाई जिंकली हे बी तपासलं असान.”

“शेठ, तुमची बाई रडते तेव्हा आजूबाजूच्या चार माणसांना तिला धरावं लागतं. त्याला अभिनय म्हणत नाहीत. त्याला झटका म्हणतात.”

“अन् तुमची रडते तवा नाक लाल होते.”

“काळ्यापांढऱ्या पडद्यावर तुम्हाला लाल नाक दिसलं?”

“मनानं दिसलं,” शेठ शांतपणे म्हणाले.

रांग आता पुढे सरकायचं विसरून खिडकीभोवती गोळा झाली होती. माझं रक्त उसळलं आणि मी म्हणालो, मुंबईवाल्यांना कळत नसेल तर बक्षीस कारंजाच देईल. लोकांना विचारू. लोक म्हणतील ते खरं. शेठ म्हणाले, चालते. मग पैजही ठरली : ज्याची बाई हरेल त्यानं जिंकणाराचं चित्र आपल्या भिंतीवर लावायचं, आणि ते सालभर उतरवायचं नाही. रांगेनं माना डोलावल्या. माझ्या डोळ्यांपुढे कुमुदिनी उभी राहिली, माझ्याच भिंतीवर, ओठ पुढे काढलेली, आणि खाली मनिऑर्डरी करणारा मी.

घरी येऊन मी हे उत्साहानं सांगितलं. माझी बायको विजयमाला भाकरी थापत होती. “अहो, ती बाई मुंबईला,” ती म्हणाली, “तिला बक्षीस मिळालं की नाही हे तिला तरी कळणार आहे का?”

मी म्हणालो, न्याय हा ज्याला मिळतो त्याच्यासाठी नसतो, जो देतो त्याच्यासाठी असतो. ती म्हणाली, मग पाटा उचलून द्या.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. आमच्याकडे कोणाच्या घरी आजारी माणूस असलं तर दोघे सल्ला देतात, बाकीचे पथ्य सांगतात; पण सिनेमाचं नाव निघालं की गावच वैद्य होतं. एकजण म्हणाला बक्षीस नटीला नको, गाण्याला द्या. दुसरा म्हणाला फक्त नटीलाच दिलं तर लोक तुमच्या घरच्यांकडे काय नजरेनं पाहतील, म्हणून नटही घाला. म्हणून मास्टर अनंगपाल आले. तिसरा म्हणाला, अनंगपालला घेता तर खलनायकानं काय पाप केलं? म्हणून दुर्जनसिंगाचं काम करणारे मिस्टर भैरव आले. अशा रीतीनं दोन बायकांच्या साध्या भांडणात दोन पुरुष घुसले, आणि ते नेहमीप्रमाणे सल्ल्यानंच घुसले.

मग परवानगी. चार माणसं जमवायची तरी तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यावा लागे. नायब तहसीलदारांनी अर्ज तीनदा परत केला. पहिल्यांदा विचारलं, हंसलता व कुमुदिनी यांच्या वडिलांची नावं का दिली नाहीत? दुसऱ्यांदा वय मागितलं. साप्ताहिकात हंसलतेचं वय एकोणीस दिलेलं होतं, पण ते मी पोस्टात लागल्यापासून एकोणीसच होतं, तेव्हा सरकारी कागदावर मी ते पेन्सिलीनं लिहिलं. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो. साहेबांनी अर्ज चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

“यात ‘इतर’ कुठे आहे?”

“इतर कोणी नाही साहेब. चारच आहेत.”

“सरकारी कागदावर ‘इतर’ असावंच लागतं. उद्या कोणी म्हणालं आमचा माणूस यात नाही, तर गडबड होईल. मग तिथं मी यायचं का?” त्यांनी स्वतःच्या हातानं पाचवी ओळ घातली, इतर, आणि शिक्का मारला. मला ती ओळ निरुपद्रवी वाटली. लग्नाच्या पंक्तीत एक पान जास्तीचं मांडतात, तशी.

आता मत घ्यायचं कसं? कागदाची टंचाई होती, आणि असता तरी निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं. हात वर करायला लावावे तर उधारीचा प्रश्न होता. शेठच्या दुकानातून उधार कापड नेणारा माणूस शेठसमोर हंसलतेसाठी हात कसा वर करील? मत गुप्त हवं. यावर कापूस बाजारातले जुने दलाल केशरीचंद यांनी तोडगा काढला.

“मास्तर, हत्ता करा ना,” ते म्हणाले. “गाड्याच्या गाड्या कापूस रुमालाखाली इकला जाते. या बाया काय कापसापरीस जड हायेत?”

कारंज्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण परगावच्या वाचकांसाठी सांगतो. दलाल हातावर रुमाल टाकतो. व्यापारी एकेक करून रुमालाखाली हात घालतात आणि त्याची बोटं दाबून भाव सांगतात. वर गप्पा चालू असतात जावयाच्या, पावसाच्या. खाली बोटं बोलतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. केशरीचंदांच्या रुमालाखाली काय झालं ते आजवर त्यांच्या बायकोला, अंगुरीबाईंनाही कळलेलं नव्हतं. मी हरखून गेलो. एक बोट हंसलता, दोन बोटं कुमुदिनी, तीन अनंगपाल, चार भैरव, आणि अख्खा पंजा म्हणजे इतर. पंजा दाबणारानं कानात नाव सांगायचं. लंडनच्या पार्लमेंटातसुद्धा इतकी गुप्तता नसेल.

अडचण एकच उरली. केशरीचंद परक्या बायकांचा हात रुमालाखाली कसा धरणार? अंगुरीबाईंनी तर हे ऐकल्याबरोबर जेवणच वर्ज्य केलं. तेव्हा विजयमालानंच चतुराबाई कासारणीचं नाव सुचवलं. गावातल्या यच्चयावत बायकांचा हात धरण्याचा हक्क तिला बांगड्यांमुळे मिळालेला होता. बायकांची मतं तिनं देवळामागच्या ओट्यावर घ्यायची आणि बाजारात येऊन केशरीचंदांना सांगायची.

मताचा दिवस उजाडला. मी त्याआधी रात्रभर झोपलो नव्हतो, आणि शेठही झोपले नसावेत, कारण त्यांनी टोपी उलटी घातली होती. कापूस बाजारात गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करत बसलेले, आणि गाड्यांमधून माणसांची रांग. रिसोडकडून आलेले दोघे तिघे मतासाठी थांबले होते. त्यांनी दोन्ही बायांपैकी एकीलाही पाहिलं नव्हतं, पण रांग दिसली म्हणून लागले. मी रांगेतून हिंडत होतो. कोणाला सांगायचं नाही असा नियम मीच केला होता, म्हणून मी नुसतं एक बोट नाकाला लावून हिंडत होतो. शेठ दोन बोटांनी मिशी सारखी करत होते. त्यांना मिशी नव्हती.

केशरीचंद खुर्चीवर बसले होते, देवासारखे निर्विकार. हात रुमालाखाली जात, येत. माझा नंबर आला तेव्हा मी एक बोट इतक्या जिव्हाळ्यानं दाबलं की त्यांनी डोळे मिटले. ते सद्गदित झाले असं मला वाटलं. नंतर कळलं की त्या बोटाला नखुरडं होतं.

दुपार कलली तेव्हा चतुराबाई टोपली घेऊन आली. “बायका तर लई आल्या,” ती म्हणाली, आणि केशरीचंदांच्या कानाशी लागली. तिच्या चेहऱ्यावरून मला एक बोट स्पष्ट दिसत होतं. मी मनातल्या मनात हंसलतेला चषक दिला, तिनं तो घेतला, डाव्या डोळ्यातून थेंब निघाला.

केशरीचंदांनी रुमाल झटकला, घडी केली, खांद्यावर टाकला आणि बाजारात माल सुटताना ओरडतात तशी हाळी दिली.

“पाच. इतर. आसेगाववाले जगदेव. सौदा पक्का.”

एक बैल शिंकला.

“शेठजी,” मी केशरीचंदांना म्हणालो, “पाच कसे? इतरांना किती मतं पडली?”

“एक.”

“आणि हंसलतेला?”

“ते कायले ध्यानात ठेवू?” ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. “एकाच्या वर दोन आले, एक सुटला. दोनाच्या वर तीन आले, दोन सुटले. चार आले. मंग जगदेवनं पंजा देल्ला. पंजाच्या वर काई असते का? वरची बोली घेते माल. तुमाले हत्ता माहीत नाई का मास्तर?”

“अहो, ही बोली नव्हती. मतं होती. मोजायची होती.”

“हत्त्यात मोजत नाईत,” ते म्हणाले, मला वाईट वाटू नये अशा आवाजात.

मी चतुराबाईकडे धावलो. ती तरी मोजून आली असेल. ती म्हणाली, “मास्तर, एकेक हात म्या नीट पाह्यला. सारी मापं सांगतो. बोटं कोनं किती दाबली ते नाई राह्यलं. पंजा कोनाचाच नव्हता, तेवढंच दलालाले सांगतलं. तुमच्या बाईसाहेबाईले मातर आता अंमळ मोठी बांगडी लागते बरं, साल झालं असन.” हे ती बाजारात बोलली, चारचौघांत, आणि लोकांनी ते हंसलतेच्या निकालापेक्षा लक्ष देऊन ऐकलं.

“पुन्हा घ्या मतं,” हुकूमचंद शेठ म्हणाले. त्या दिवशी आमचं प्रथमच एकमत झालं.

केशरीचंदांचा चेहरा बदलला. “रुमाल उचलल्यावर सौदा मोडला, असं आजवर माया हातून झालं नाई. उद्या कापसाची गाडी माया पुढं कोन उभी करन?” आणि बाजारातले सगळे दलाल त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. प्रश्न आता सिनेमाचा नव्हता, कापसाचा होता. तिथं आम्ही माघार घेतली.

मग निवडून आलं होतं कोण? जगदेवला पुढे बोलावलं. आसेगावचा शेतकरी, उन्हानं रापलेला, धोतर वर खोचलेलं. तो लाजला नाही की फुशारलाही नाही.

“म्या ‘नांगराची आण’ पाह्यला,” तो म्हणाला. “त्यात तो बांडा बैल हाये ना, डावीकडचा, त्याले देल्लं.”

“बैलाला?”

“मंग? तो अनंगपाल गानं म्हनत होता, बाई मेंढरू घेऊन फिरत होती, तिचा बाप खोकलत होता. नांगर कोन ओढला? अन् चिखलात कसा ओढला, सांगा. हाकलनाऱ्याले तं कासरा बी धरता येत नव्हता. दुसरा बैल असता तं त्याले तुडवला असता. म्या तंबूतच म्हटलं, याले कायतरी भेटलं पायजे.”

यावर मला बोलायचं होतं. मी अभिनय म्हणजे काय, अंतःकरणातली व्यथा मुद्रेवर कशी उमटते, हे सांगायला सुरुवातही केली. पण जगदेव इतकं मन लावून ऐकू लागला आणि मध्येच “बैलाले बी व्यथा असते मास्तर” असं म्हणाला की माझा धागा तुटला.

पैजेच्या अटीप्रमाणे मग आम्हा दोघांच्याही भिंतीवर बैलाचं चित्र यायचं होतं. शेठनं बाजारातून बाहेर पडताना पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर,” ते म्हणाले, “कुमुदिनी नाई तं नाई, पन तुमची हंसलता तरी यायला पायजे होती. ती बाई हाये.” मी ते कधी विसरणार नाही.

बक्षीस समारंभ टाळता येण्यासारखा नव्हता. नायब तहसीलदारांनी स्वतः अध्यक्ष होण्याचं ठरवलं, कारण ‘इतर’ ही त्यांची ओळ होती आणि तिचं महत्त्व आता साऱ्या जिल्ह्याला कळावं अशी त्यांची इच्छा होती. बाबूसिंगनं आपला तंबू दिला. त्यानं गावात दवंडीही पिटवली : बक्षीस समारंभ, आणि त्यानंतर ‘मोहनमाळेचा शाप’, फुकट. माणसं तर अशी लोटली की तंबूच्या कनाती फुगल्या. मी बाबूसिंगला विचारलं भाषणाला किती वेळ आहे. तो म्हणाला, “इंजन गरम होये तक बोला मास्तर. बाद में अपना काम.”

चषक मी आधीच करून घेतला होता. विजयाची खात्री असल्यामुळे त्यावर ‘अश्रूंची सम्राज्ञी’ अशी अक्षरंही कोरून घेतली होती. हुकूमचंद शेठनंही त्याच खात्रीनं कुमुदिनीसाठी गुलबक्षी शालू बाजूला काढून ठेवला होता. दोन्ही आता त्या बांड्या बैलाच्या नावानं द्यायचे होते. तो पुण्याला होता की कोल्हापूरला, हयात होता की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून जगदेवचा बैल लाल्या त्याच्या वतीनं मान घ्यायला आला. अध्यक्षांनी चषक त्याच्या शिंगाला अडकवला. शेठनं तोंड फिरवून शालू त्याच्या पाठीवर टाकला. बायकांच्या बाजूनं “पदर इकडून घ्या” अशा सूचना आल्या. लाल्या उभा होता. चुळबूळ नाही, शेपूट नाही. त्या संध्याकाळी तंबूत सभ्यपणे वागलेला तो एकटाच.

मग माझं भाषण. ते मी हंसलतेसाठी आठ दिवस खपून लिहिलं होतं, आणि रातोरात दुसरं लिहिणं मला शक्य नव्हतं. नाव तेवढं बदललं. ‘नाजूक पावलांनी जो आपल्या हृदयात शिरला’ हे वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेनं पाय आवरून घेतले. ‘ज्याच्या एका कटाक्षानं तरुण घायाळ झाले’ या ठिकाणी जगदेवनं लाल्याच्या कपाळावर हात ठेवून, “नाई मास्तर, हा गरीब हाये,” असा खुलासा केला. अध्यक्ष पेंगत होते. पण मी बोलत राहिलो, कारण माझ्या मनात एक बेत होता. हत्ता झाला तो झाला, सौदा मोडायचा नव्हता. पण सौद्याबाहेर, समोरासमोर, कारंज्याच्या जनतेनं एकदा तरी खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं. बैलाचं चित्र मी लावीन. पण माझ्या हंसलतेला लोकांनी टाकलं नाही हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

मी कागद खिशात घातला, पडद्यासमोरच्या व्यासपीठाच्या अगदी मधोमध आलो आणि छाती भरून म्हणालो, “मुंबईनं अन्याय केला. बोटांनी घोटाळा केला. आता तुम्हीच सांगा. खरी मानकरी मिस हंसलता असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा.”

याच वेळी तंबूमागचं इंजिन धडधडू लागलं, त्यामुळे शेवटचे शब्द मला ओरडून म्हणावे लागले. मग माझ्यावर एकदम लखलखीत प्रकाश पडला, इतका की मला समोरचं अंधुक दिसू लागलं. आणि त्या अंधुकात हात वर झाले. आधी पुढच्या रांगेत, मग बायकांच्या बाजूला, मग मागे, पार कनातीपर्यंत. एकेकाचे दोन्ही हात वर. लोक उठून उभे राहू लागले. रिसोडवाले हात हलवत होते, चतुराबाई टोपली ठेवून हात हलवत होती, केशरीचंद तोच रुमाल हलवत होते, आणि हुकूमचंद शेठ, कुमुदिनीचे हुकूमचंद शेठ, जिवाच्या आकांतानं हात हलवत होते. काहीजण काहीतरी ओरडतही होते. इंजिनामुळे शब्द कळत नव्हते, पण भावना पोचत होती. मी दोन्ही हात जोडले, पसरले, आणि त्या लोकसागराला कवेत घेतल्यासारखा तिथंच उभा राहिलो.

पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसलेली म्हातारी गोजराबाई उठली, व्यासपीठापाशी आली आणि तिनं माझं धोतर हळूच ओढलं.

“मास्तर,” ती म्हणाली, “जरा बाजूले सरता का? हंसलतेचं तोंड तुमच्या कोटावर येऊन राह्यलं.”